न सापडणारा तिसरा तुकडा

नोव्हेंबर 2021. दक्षिण आफ्रिकेच्या गौतेंग प्रांतात करोनाच्या चाचण्यांमध्ये काहीतरी वेगळे दिसू लागले. तिथल्या एका प्रचलित आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकांचे तीन तुकडे शोधले जात. दोन सापडत होते. काटेरी प्रथिनाचा तिसरा सापडत नव्हता. तेव्हा तिथे विषाणूच्या डेल्टा या प्रकाराचा जोर होता आणि डेल्टात तिन्ही सापडायचे. म्हणजे हा पाहुणा नवा होता. 26 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे ‘ओमिक्रॉन’ असे बारसे केले.

अशा वेळी निव्वळ रुग्णसंख्या फसवते. जुना प्रकार ओसरत असताना नवा वाढत असेल, तर बेरीज जागच्या जागी राहते आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून संख्याशास्त्रज्ञ नव्याचे जुन्याशी प्रमाण पाहतात. समजा, आज नव्याचा 1 रुग्ण आहे आणि जुन्याचे 99. हे प्रमाण दर पाच दिवसांनी दुप्पट झाले, तर महिन्याभरात ते 64 ला 99 होते, म्हणजे नव्याचा वाटा जवळपास 39 टक्के. या प्रमाणाचा लॉगॅरिदम आलेखावर मांडला की सरळ रेषा उमटते. रेषेचा चढ म्हणजे नव्याची सरशी. हा चढ वाटा अगदी लहान असतानाच मोजता येतो. मला तर हेच या गणिताचे सर्वांत मोठे देणे वाटते.

पण रेषेला बिंदू हवेत, आणि बिंदूंना नमुने. 1 टक्का वाट्याचा प्रकार निदान एकदा तरी हाती लागण्याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे 300 नमुन्यांचा जनुकीय क्रम वाचावा लागतो. तेही कसेही निवडून चालत नाही. तीनशेच्या तीनशे मोठ्या शहरातल्या रुग्णालयांतले असले, तर तालुक्यात काय शिजते आहे ते कळणारच नाही.

पाळतीला उशीर झाला की काय होते, ते त्याआधी भारतात दिसले होते. डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले, ऑक्टोबर 2020 चे. जनुकीय पाळतीसाठी ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे डिसेंबरात उभे राहिले. फेब्रुवारीत अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले, टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत दोन नवे जनुकीय बदल दिसत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, तोवर 24 मार्च उजाडला होता.