गीतरामायण : गीतमालिकेची संकल्पना आणि तिची चिरंतन आवाहकता

प्रस्तावना :
एकाच सूत्रात गुंफलेल्या गीतांची सलग कलाकृती ही संकल्पना पाश्चात्त्य रॉक संगीतात १९६० नंतरच्या दशकात रुजली. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाची 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) ही ध्वनिमुद्रिका तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. मराठीत मात्र असा प्रयोग त्यापूर्वीच सिद्ध झाला होता. ग. दि. माडगूळकर यांचे काव्य व सुधीर फडके यांचे संगीत लाभलेले 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ पासून, रामनवमीच्या मुहूर्तावर, दर आठवड्यास एक गीत याप्रमाणे प्रसारित केले. त्या वर्षी अधिक मास आल्याने नियोजित ५२ गीतांची संख्या ५६ झाली. प्रस्तुत लेखात या मालिकेच्या टिकाऊपणाची कारणमीमांसा केली आहे.

रचनाविशेष :
पहिल्या गीतात कुश-लव रामासमोर रामचरित्र गातात. अखेरच्या गीतात वाल्मीकी त्याच बालकांना गायनाविषयी उपदेश करतात. अशा रीतीने शेवट पुन्हा आरंभाकडे नेतो. उपरोक्त इंग्रजी ध्वनिमुद्रिकेचा आरंभ व अंतही हृदयाच्या ठोक्यांनीच होतो, हे साम्य लक्षणीय आहे. भूप रागातील आरंभ व भैरवीतील समाप्ती यांमुळे संपूर्ण मालिकेस एखाद्या मैफलीचे रूप प्राप्त झाले आहे.

आवाहकतेची कारणे :
कथा श्रोत्यांस पूर्वीच ज्ञात होती. त्यामुळे 'पुढे काय झाले' यापेक्षा 'त्या क्षणी त्या व्यक्तीस काय वाटले' यास महत्त्व आले. कौसल्या व शबरी यांच्याप्रमाणेच शूर्पणखा आणि कुंभकर्ण यांनाही कवीने स्वतःचा आवाज दिला. चित्रकूटावर राम भरताचे सांत्वन करतो, ते गीत कथेबाहेरही मानवी पराधीनतेचे चिंतन म्हणून ऐकले जाते. प्रत्येक गीत स्वतंत्रपणे उभे राहू शकते आणि मालिकेत त्याचा अर्थ अधिक गहिरा होतो, हेच या कलाकृतीचे खरे बलस्थान होय.

निष्कर्ष :
मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेक गायकांचा सहभाग होता. पुढे फडके यांच्या एकट्याच्या गायनातून मालिका घरोघरी पोहोचली. आज कार्यक्रमांतून बहुधा निवडक लोकप्रिय गीतेच सादर होतात. गीते त्यामुळे टिकतात, परंतु गौण पात्रांचे आवाज व रचनेचे वर्तुळ हरपते. म्हणूनच महाविद्यालयीन अध्यापनात गीतरामायणाचा विचार सुट्या गीतांचा संग्रह म्हणून न करता एकसंध कलाकृती म्हणून होणे आवश्यक आहे.