समुद्राच्या रंगांची भांडी

आपल्या घरात पाण्याचा माठ असतो. लोणच्याची बरणीही असते. दोन्ही मातीचीच. दोन्ही भट्टीत भाजलेली. पण माठात कोणी लोणचे घालत नाही, आणि बरणीत पाणी भरून ठेवले तर ते गार होत नाही. असे का?

माठाच्या अंगाला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते. बाहेर आले की वाऱ्याने सुकते. सुकताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार. बरणीची माती जास्त कडक भाजलेली असते आणि तिच्या अंगावर काचेसारखा चकचकीत थर असतो. त्यातून खार झिरपत नाही, तेल झिरपत नाही. या थराला झिलई म्हणतात. झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर चढवलेली काचच समजा ना!

या झिलईला रंग देता येतो. निळा, हिरवा, पिवळा, जांभळा. असे रंग देऊन भांड्यांवर समुद्र उतरवणारे एक गाव आहे. त्याची हकिकत आज आपण वाचू. हकिकत रंगांची आहे, तशी ती विषाचीही आहे. दोन्ही नीट समजून घ्यायला हवीत.

समुद्रावरचे गाव

युरोपात इटली नावाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेला सालेर्नो नावाचे बंदर आहे. बंदराला लागूनच डोंगराच्या उतारावर एक गाव वसले आहे. त्याचे नाव व्हिएत्री सुल मारे. ‘सुल मारे’ म्हणजे समुद्रावरचे. खाली निळे पाणी, वर डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्यांनी केलेल्या लिंबांच्या बागा. आपल्या कोकणच्या माणसाला तिथे परके वाटणार नाही.

या गावात कैक पिढ्या कुंभारकाम चालत आले आहे. गावातल्या देवळाचा, म्हणजे त्यांच्या चर्चचा, घुमट रंगीत झिलईच्या कौलांनी मढवलेला आहे. दुकानांच्या भिंतींवर रंगीत फरश्या आहेत. ताटे, वाडगे, सुरया आणि दिवे रस्त्याच्या कडेला मांडलेले असतात. त्यांवर मासे पोहतात, होड्या चालतात, शिंपले उघडतात.

माती ते भांडे

सुरुवात आपल्या कुंभारासारखीच. माती भिजवायची, खडे काढायचे, आणि ती चांगली मळायची. मळताना आत हवा राहू द्यायची नाही. कणीक मळणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

मग चाक. आपला कुंभार जड चाक दांडक्याने फिरवतो. तिकडचा कुंभार उंच बैठकीवर बसून खालचे चाक पायाने लाथाडत असे. आता दोन्हीकडे विजेची चाके आली आहेत. फरश्या करायच्या तर चाक लागत नाही. आपण विटा पाडतो तशी माती साच्यात दाबतात.

घडवलेले भांडे सावलीत वाळवतात. उन्हात घाईने वाळवले तर कडा आधी सुकतात, मध्य ओला राहतो आणि तडा जातो. वाळताना व भाजताना भांडे लहानही होते. १० बोटांचे केले तर सुमारे ९ बोटांचे उरते. म्हणून कुंभार आधीच मोठे घडवतो.

मग पहिली भट्टी. आच हळूहळू वाढवायची. भांड्यात ओल राहिली असेल तर तिची वाफ होते आणि भांडे फुटते. शेवटी आच १००० अंशांच्या आसपास पोचते. पाणी १०० अंशांवर उकळते, त्यावरून काय ती आच असेल पाहा! भट्टी निवायलाही वेळ द्यावा लागतो. गरम भट्टी एकदम उघडली की केलेले सगळे फुकट.

आता भांडे विटेसारखे लालसर झाले. आपल्याकडे काम इथे संपते. व्हिएत्रीत इथून अर्धे काम पुढे असते.

पांढरी झिलई कुठून आली?

लाल मातीवर निळा समुद्र उठून दिसत नाही. त्याला पांढरी जमीन हवी. ती कशी मिळाली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

सुमारे १,१०० ते १,२०० वर्षांपूर्वी चीनची पांढरीशुभ्र भांडी जहाजांतून अरबांच्या मुलखात येत. बसरा हे इराकचे मोठे बंदर. तिथल्या कुंभारांनाही तशी भांडी हवी होती. पण त्यांच्याकडे तशी माती नव्हती. त्यांनी तोड काढली. झिलईत कथलाची राख मिसळली. झिलई दुधासारखी पांढरी झाली आणि खालची माती झाकली गेली. त्या पांढऱ्यावर त्यांनी निळी नक्षी काढली.

कथील तुमच्या ओळखीचे आहे. कल्हईवाला पितळेच्या पातेल्यावर जे चोळतो, तेच हे कथील. पातेल्यावर त्याची चकाकी येते, झिलईत त्याचा पांढरा रंग येतो.

ही विद्या अरबांबरोबर स्पेनला गेली. स्पेनची भांडी माजोर्का बेटावरून इटलीत येत. त्या बेटावरूनच अशा भांड्यांना इटलीत मायोलिका हे नाव पडले, असे म्हणतात. म्हणजे समुद्राची चित्रे नंतर आली. त्याआधी ही कला स्वतःच समुद्र ओलांडून आली होती.

रंग म्हणजे धातू

भाजलेले भांडे पांढऱ्या झिलईच्या घोळात बुडवतात. भांडे पाणी शोषून घेते आणि अंगावर पिठासारखा पांढरा थर बसतो. तळ मात्र पुसून घेतात. नाहीतर झिलई वितळून भांडे भट्टीच्या फळीला चिकटून बसेल.

आता चित्रकार कुंचला घेतो. तुम्ही पाटीवर अक्षर गिरवता. चुकले तर बोटाने पुसता. इथे ती सोय नाही. कोरडा थर रंग टेकताच पिऊन टाकतो. माशाची पाठ एका फटकाऱ्यात निघाली पाहिजे. हात थबकला की तिथे डाग पडतो. म्हणून वर्षानुवर्षे एकच मासा काढून हात तयार करावा लागतो.

हे रंग कशाचे? हळदीचा किंवा नीळीचा रंग इथे चालत नाही. तो आगीत जळून जाईल. इथे लागतात धातू. कोबाल्ट नावाच्या धातूपासून गडद निळा होतो. तांब्यापासून हिरवा. तांब्याच्या भांड्यावर हिरवा कळंक चढतो तो आठवा. लोखंडापासून पिवळट व तपकिरी, गंजासारखा. मँगनीजपासून जांभळट तपकिरी. अँटिमनीपासून लिंबासारखा पिवळा.

आणखी एक नवल आहे. भट्टीत जाण्यापूर्वी हे रंग खरे दिसतच नाहीत. कोबाल्टची भुकटी काळी असते. तांब्याची भुकटीही बहुधा काळीच. चित्रकाराला काळ्यावर काळे काढत मनात निळे-हिरवे पाहावे लागते. मग दुसरी भट्टी, सुमारे ९२० ते ९५० अंशांची. तिथे झिलई वितळते, रंग तिच्यात मुरतात, आणि निवल्यावर काच होते. काळा गेलेला मासा निळा होऊन बाहेर येतो.

मासे, होड्या आणि गाढव

आज व्हिएत्रीच्या भांड्यांवर जी साधीसुधी, गमतीदार चित्रे दिसतात, ती फार जुनी नाहीत. १९२० नंतर जर्मनीतून काही कलावंत या किनाऱ्यावर येऊन राहिले. रिचर्ड डॉल्कर हा त्यांतला एक. त्यांनी गावातल्या कुंभारांच्या कारखान्यात बसून काम केले. राजवाडे, देवदूत यांच्यामागे ते लागले नाहीत. समोर जे दिसले ते काढले. जाळे ओढणारे कोळी, डोक्यावर ओझे घेतलेल्या बाया, मासे, होड्या, आणि उभ्या चढणीवर भार वाहणारे गाढव. चार फटकाऱ्यांत, लहान मुलाने काढावे तसे.

ते गाढव गावाला इतके आवडले की आज तेच गावाची खूण होऊन बसले आहे. बाहेरच्या माणसाने गावाला गावचेच रूप दाखवले, आणि गावच्या हातांनी ते पुढे चालू ठेवले. १९५० नंतर पाओलो सोलेरी नावाच्या वास्तुकाराने तिथे सोलिमेने यांच्या भांड्यांच्या कारखान्याची इमारत बांधली. तिच्या बाहेरच्या भिंती हजारो मातीच्या घटांच्या तळांनी मढवल्या आहेत. कारखाना लांबूनच सांगतो की आत काय चालते. १९९७ साली या सगळ्या किनाऱ्याची जागतिक वारशात नोंद झाली.

अशी झिलईची चित्रे पाहायला इटलीलाच जायला हवे असे नाही. गोव्यात पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या चित्रांच्या फरश्या भिंतीवर बसवल्या आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या त्या १९३५ सालच्या. त्यांवर वास्को द गामाच्या समुद्रप्रवासाचे प्रसंग आहेत. पणजीला गेलात तर जरूर पाहा.

रंगामागचे विष

आता दुसरी बाजू. ही अधिक महत्त्वाची आहे.

काच मुख्यतः वाळूची होते. पण निव्वळ वाळू वितळायला सुमारे १,७०० अंश आच लागते. इतकी आच मातीचे साधे भांडे सोसणार नाही. तेव्हा वाळू लवकर वितळावी म्हणून जुने कुंभार झिलईत शिसे मिसळत. शिसे स्वस्त. झिलई त्याने सुरेख चमकते. पण शिसे हे विष आहे.

इटलीतच बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. कामकऱ्यांना त्यांच्या कामामुळे कोणते रोग होतात, यावर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला. त्यात कुंभारांवर एक प्रकरण आहे. शिसे दळणाऱ्या आणि भांड्यांना लावणाऱ्या कुंभारांचे हात आधी कापू लागतात, मग लुळे पडतात, दात जातात, चेहरा प्रेतासारखा होतो, असे त्याने नोंदले. रोग्याला इतर प्रश्न विचारता तसा ‘तू काम काय करतोस?’ हाही प्रश्न विचारा, असे त्याने वैद्यांना बजावले. केवढा मोलाचा प्रश्न! गिऱ्हाइकाला ताटाची चमक दिसत होती. ती कुणाच्या हातापायांतून आली, हे त्या वैद्याने पाहिले.

शिसे गिऱ्हाइकालाही सोडत नाही. झिलई कच्ची भाजली किंवा तिचे मिश्रण चुकले, तर आंबट पदार्थ शिसे बाहेर ओढतो. चिंच, कोकम, लिंबू, ताक, लोणचे यांना चव वेगळी लागत नाही, वास येत नाही. पण रोज थोडे थोडे शिसे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर बाईच्या गर्भाला त्याची इजा सर्वांत जास्त.

यावर उपाय निघाले. आता शिशाऐवजी टाकणखाराच्या जातीचे पदार्थ घालून झिलई करता येते. सोनार डाग देताना टाकणखार वापरतो, तोही धातू लवकर जुळावा म्हणूनच. १९८४ साली युरोपच्या देशांच्या समुदायाने नियम केला. अन्नाच्या भांड्यातून शिसे आणि कॅडमियम किती उतरले तर चालेल, याची मर्यादा ठरवली. भांड्यात आंबट पाणी ठेवून ते तपासतात. रंग आजही तेच आहेत, समुद्रही तोच आहे. फक्त कुंभाराला आणि जेवणाऱ्याला आपण काय हाताळतो ते कळू लागले.

भांडे घेताना, भांडे करताना

जत्रेत, बाजारात रंगीत भांडी मिळतात. घ्यायला हरकत नाही. पण चार गोष्टी ध्यानात असू द्या.

एक. भांडे अन्नासाठी आहे की शोभेसाठी, हे विकणाऱ्याला विचारा. त्याला सांगता आले नाही तर ते शोभेचेच समजा. भिंतीवर लावा, फुले ठेवा. त्यात लोणचे, ताक, आमटी ठेवू नका.

दोन. झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या, किंवा टवका उडाला असेल, तर त्यात अन्न ठेवू नका. भेगांत अन्न अडकते. धुतले तरी निघत नाही.

तीन. हाताचे काम ओळखायला शिका. दोन ताटे शेजारी धरा. मासा दोन्हींवर केसाकेसाने सारखा असेल तर तो छापलेला. हातच्या माशांत थोडा फरक असतोच. कुंचल्याचा फटकारा जिथे दुसऱ्यावर जातो तिथे रंग गडद दिसतो. ताट उलटे करून पाहा. खाली तीन बारीक टोचे दिसले तर ते भट्टीतल्या तिकाटण्याचे. त्यावर ताट ठेवून भाजले होते.

चार. तुमच्या गावात कोणी झिलईचे काम शिकणार असेल तर त्याला तीन गोष्टी सांगा. झिलईची भुकटी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिची धूळ छातीत बसते आणि निघत नाही. हात धुतल्याशिवाय भाकर खाऊ नये. पुडीवर शिसे नाही असे लिहिलेले असेल तीच झिलई घ्यावी. पुडीवरचे ते चार शब्द आता तुम्हाला वाचता येतात. वाचल्याशिवाय पुडी फोडू नका.