मेदऊती, स्निग्ध चयापचय आणि कृश देहातील स्थूलता : पुण्यातील संशोधनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

स्थूलता म्हणजे वाढलेले वजन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाविद्यालयांतील आरोग्य तपासणीतही प्रामुख्याने उंची व वजन यांचीच नोंद होते. वजन अधिक भरले तर विद्यार्थ्याला सावध केले जाते आणि कमी भरले तर 'भरपूर खा' असा सल्ला देऊन तपासणी संपते. या समजुतीला धक्का देणारी एक आकडेवारी पुणे जिल्ह्यातूनच पुढे आली आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेल्या 619 मुलामुलींची त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षी तपासणी करण्यात आली. तेव्हा 37 टक्के मुलांमध्ये व 18 टक्के मुलींमध्ये रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले, म्हणजे मधुमेहपूर्व किंवा मधुमेहाच्या अवस्थेतील आढळले. या तरुणांपैकी 48 टक्के जण तर प्रचलित निकषानुसार कमी वजनाचे होते. 2021 साली प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष आपल्या वर्गात बसणाऱ्या वयोगटाविषयी आहेत. कृश देहात स्थूल माणसाचा विकार कसा शिरतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मेदऊतीचे कार्य व स्निग्ध पदार्थांचे चयापचय यांच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

1. मेदऊतीचे मूळ कार्य

मेद हा शरीरावरील निरुपयोगी भार नसून उर्जेची कोठी आहे. एक ग्रॅम मेदापासून सुमारे 9 किलोकॅलरी, तर एक ग्रॅम कर्बोदकापासून सुमारे 4 किलोकॅलरी उर्जा मिळते. यकृत व स्नायू यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली शर्करा काहीशे ग्रॅमच असते व ती अल्पकाळ पुरते. मेदाचा साठा मात्र उपासमारीत कित्येक आठवडे तग धरण्यास साहाय्य करतो.

भोजनानंतर रक्तातील इन्सुलिन वाढते. इन्सुलिनच्या प्रभावाने मेदऊतीतील केशवाहिन्यांच्या भिंतींवरील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर कार्यक्षम होते. ते रक्तातील ट्रायग्लिसराइडचे विघटन करते आणि मोकळी झालेली मेदाम्ले मेदपेशीत शिरतात. तेथे त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनून ते एका मोठ्या थेंबाच्या रूपात साठते. उपाशीपोटी इन्सुलिन उतरते, साठ्याचे विघटन सुरू होते आणि मेदाम्ले रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडून स्नायू, हृदय व यकृत यांच्याकडे जातात. भरणे व उपसणे यांतील हा समतोल राखण्याचे काम मुख्यतः इन्सुलिन करते. म्हणूनच इन्सुलिनकडे आपण केवळ साखरेच्या संदर्भात पाहतो, ते अपुरे आहे.

2. अंतःस्रावी अवयव म्हणून मेदऊती

मेदऊती हे नुसते कोठार आहे, ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. 1994 साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. मेदपेशींत तयार होणारे लेप्टिन साठा किती आहे याची वार्ता मेंदूला देते व भुकेचे नियमन करते. त्यानंतर ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक ज्ञात झाले. ते यकृत व स्नायू यांची इन्सुलिनविषयक संवेदनक्षमता वाढविते. मेद वाढल्यावर लेप्टिन वाढते, ॲडिपोनेक्टिन मात्र घटते. फुगलेल्या मेदऊतीत दाहकारक द्रव्येही निर्माण होतात, हे 1993 साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. अशा ऊतीत रोगप्रतिकारक संस्थेतील भक्षकपेशी मोठ्या संख्येने गोळा होतात, असे 2003 साली स्पष्ट झाले. स्थूलतेला 'मंद, दीर्घकालीन दाहाची अवस्था' म्हटले जाते ते यामुळेच.

3. साठवणुकीची मर्यादा आणि ओसंडणारा मेद

मेदऊती दोन प्रकारे वाढू शकते : नव्या पेशी निर्माण होऊन किंवा असलेल्या पेशी फुगून. 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले की, मेदपेशींची संख्या बालपणी व पौगंडावस्थेत ठरते. प्रौढपणी दरवर्षी सुमारे 10 टक्के पेशी बदलल्या जातात, परंतु एकूण संख्या जवळजवळ स्थिर राहते. म्हणजेच प्रत्येक व्यक्तीच्या त्वचेखालील मेदऊतीची सामावून घेण्याची एक मर्यादा असते.

कणगी भरली की धान्य घरभर सांडते, तसेच येथे घडते. त्वचेखालील मेदऊती भरली की उरलेली मेदाम्ले उदरपोकळीतील अवयवांभोवती, तसेच यकृत, स्नायू व स्वादुपिंड या मेदसंचयासाठी नसलेल्या जागी साठू लागतात. यकृतात मेद साचला की इन्सुलिनचा आदेश तेथे जुमानला जात नाही. परिणामी उपाशीपोटीही यकृत रक्तात ग्लुकोज सोडत राहते. त्याच वेळी ते अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात धाडते आणि त्यामुळे हितकारक एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. स्नायूंत साठलेल्या मेदाच्या उपपदार्थांमुळे इन्सुलिनचा संदेश पेशीत पोहोचण्यास अडथळा येतो व ग्लुकोज आत घेतले जात नाही. या इन्सुलिन प्रतिरोधावर मात करण्यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशींना जादा काम करावे लागते. त्या थकल्या की मधुमेह प्रकट होतो.

या उपपत्तीचा ठळक पुरावा एका दुर्मिळ विकारातून मिळतो. ज्यांच्या शरीरात मेदऊती जवळजवळ तयारच होत नाही, अशा लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांना अत्यंत तीव्र मधुमेह होतो व त्यांचे यकृत मेदाने भरून जाते. कणगीच नसेल तर सारे धान्य जमिनीवरच पडणार. तात्पर्य, विकार मेद असण्याने होत नाही. तो मेद योग्य जागी न मावल्याने होतो. मार्सेय येथील डॉ. झाँ वाग यांनी 1947 सालीच उदराभोवतीची स्थूलता व नितंब-मांड्यांभोवतीची स्थूलता यांत भेद करून पहिली अधिक घातक असल्याचे प्रतिपादन केले होते. त्या निरीक्षणाचा अर्थ आज असा उलगडतो.

4. पुण्यातील संशोधन : कृश परंतु मेदयुक्त बालक

सर्वांची साठवणक्षमता सारखी नसेल, तर भारतीयांची कशी आहे, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे महत्त्वाचे उत्तर पुण्यातील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून मिळते. 1993 साली त्यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार या खेड्यांतील पूर्ण दिवसांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम, तर साउथॅम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलोग्रॅम होते. परंतु ही घट शरीरभर समप्रमाणात नव्हती. पुण्याच्या बालकांचा पोटाचा घेर व दंडाचा घेर, म्हणजे अंतर्गत अवयव व स्नायू यांची वाढ, पुष्कळ कमी होती. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली मोजलेली त्वचेची घडी, म्हणजे त्वचेखालील मेद, मात्र बराचसा टिकून होता. वजनाने लहान, स्नायूंनी दुबळे आणि तरीही तुलनेने मेदयुक्त असे हे बालक 'कृश-मेदयुक्त भारतीय बालक' म्हणून जागतिक वैद्यकीय वाङ्मयात ओळखले जाऊ लागले. तत्पूर्वी, 2002 साली, पुणे व लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तुलना झाली होती. तीत पुण्याची बालके लहान असूनही त्यांच्या रक्तातील इन्सुलिन अधिक आढळले होते. अर्थात चयापचयाची ही वेगळी घडण जन्मतःच दिसते.

प्रौढांच्या बाबतीतले एक उदाहरण बोलके आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक 22.3 होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के भरला. निर्देशांक तोच, देह मात्र वेगळा.

या घडणीमागे आनुवंशिकतेचा वाटा किती व गर्भावस्थेतील पोषणाचा किती, याविषयी अभ्यासकांत चर्चा चालू आहे. तथापि पुण्याच्या अभ्यासाने मातेच्या आहारातील सूक्ष्म पोषकद्रव्यांकडे निश्चित लक्ष वेधले. गर्भारपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी होती, असे 2001 साली दिसून आले. 2008 सालच्या निष्कर्षांनुसार ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक व ब-12 जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक होता. शाकाहारप्रधान समाजात ब-12 ची कमतरता व्यापक असल्याने या निष्कर्षाचे सामाजिक मोल मोठे आहे.

5. निकषांचा पुनर्विचार

या ज्ञानाचा परिणाम मोजमापांवर झाला. आंतरराष्ट्रीय निकषानुसार वस्तुमान निर्देशांक 25 झाल्यावर अधिक वजन व 30 झाल्यावर स्थूलता मानतात. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या सर्वसंमत निवेदनात या मर्यादा अनुक्रमे 23 व 25 अशा खाली आणण्यात आल्या. कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर असल्यास उदरीय स्थूलता समजावी, असेही सुचविण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात सर्वसाधारण स्थूलता 28.6 टक्के, तर उदरीय स्थूलता 39.5 टक्के प्रौढांत आढळली. या दोन आकड्यांमधील अंतर लक्षणीय आहे. वजन-उंचीच्या कोष्टकातून निसटणारे अनेक जण साध्या मोजपट्टीने सापडतात.

आशेची बाजू अशी की, अस्थानी साठलेला मेद प्रथम उतरतो. ब्रिटनमधील 2017 सालच्या एका चाचणीत आहारनियंत्रणाने वजन घटविणाऱ्या गटातील 46 टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांविना आटोक्यात आला. तेथीलच 2023 सालच्या एका छोट्या अभ्यासात वस्तुमान निर्देशांक 27 पेक्षा कमी असलेल्या 20 मधुमेहींपैकी 14 जणांना हाच लाभ झाला. बारीक दिसणाऱ्या व्यक्तीलाही स्वतःच्या मर्यादेहून अधिक मेद झालेला असू शकतो, हेच यातून सिद्ध होते. मात्र कमी वजनाच्या तरुणाला वजन घटविण्याचा सल्ला देणे अयोग्य ठरेल. त्याला स्नायू वाढविणारा व्यायाम आणि प्रथिने व ब-12 यांनी युक्त आहार यांची गरज आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. मेदऊती हा साठवण व संदेशवहन करणारा कार्यक्षम अवयव आहे. तिची क्षमता संपली की स्निग्ध चयापचय बिघडून विकार उद्भवतात. ही क्षमता व्यक्तिपरत्वे व समाजपरत्वे भिन्न असते, आणि भारतीयांत अल्प वजनावरही ती ओलांडली जाऊ शकते.

अध्यापक म्हणून यातून काही कर्तव्ये निष्पन्न होतात. विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर कमरेचा घेर नोंदविण्यास एका मोजपट्टीखेरीज खर्च नाही. ज्यांच्या घरी मधुमेह आहे किंवा ज्यांचे जन्मवजन कमी होते, अशा कृश विद्यार्थ्यांच्याही रक्तशर्करेची तपासणी व्हावी. क्रीडांगण हे केवळ संघातील खेळाडूंसाठी राखीव न राहता सर्वांचे व्हावे. विद्यार्थिनींच्या पोषणाकडे तर अधिक आस्थेने पाहिले पाहिजे, कारण त्यातून पुढील पिढीच्या चयापचयाची घडण होणार आहे. सहा खेड्यांतील त्या तरुणांचा दोष वजनकाट्याला दिसला नाही, रक्ताच्या तपासणीत तो दिसला. आपल्या महाविद्यालयांतील असे विद्यार्थी विकार प्रकट होण्याआधी ओळखले जावेत, एवढी व्यवस्था करणे आपल्या आवाक्यातील आहे.