पिंजऱ्यातला भुसा आणि रात्रीचा खोकला

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. एक गृहस्थ पत्नी व दोन मुलांसह दवाखान्यात आले. पेशंट होता नऊ वर्षांचा मुलगा. दोन महिन्यांपासून त्याला रात्री खोकला येत होता. दिवसा शाळेत, मैदानावर काही त्रास नाही. पण पहाटे दोन-तीनच्या सुमारास ढास लागायची आणि तो उठून बसायचा. तीन तऱ्हेची खोकल्याची औषधे झाली होती, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तरीही शेजारच्या कुणीतरी क्षयाची शंका काढल्याने घरातले धास्तावले होते.

स्टेथोस्कोप लावला, तर श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येत होती. हा बाळदमा होता. आई सहज बोलून गेली, "दिवाळीत मामाकडे आठ दिवस होता, तेव्हा एकदाही खोकला नाही. घरी आला त्या रात्रीच पुन्हा सुरू." डॉक्टरला याहून चांगला धागा मिळत नाही. मी एकेक विचारत गेलो. डासांची अगरबत्ती? नाही. घराला नवा रंग? नाही. भिंतीला ओल? नाही. कुत्रा, मांजर? नाही. मुलगा मान खाली घालून बसला होता. शेवटी पाच वर्षांची धाकटी बहीण म्हणाली, "दादाच्या कॉटखाली गिनीपिग आहेत ना!"

आईवडिलांनी काही लपवले नव्हते. मी कुत्रा-मांजर विचारले होते, गिनीपिग विचारलेच नव्हते. वाढदिवसाला आणलेली जोडी होती. वडील ताडकन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजच उसात सोडून येतो." त्याबरोबर मुलगा रडू लागला. रडता रडता त्याने सांगितले, की खोकला आला की तो पांघरुणात तोंड खुपसत असे. कुणाला ऐकू गेले तर गिनीपिग जातील, अशी त्याला भीती होती. म्हणजे आम्हा मोठ्यांच्या आधी त्याला कारण कळले होते, आणि म्हणूनच तो गप्प होता. दमा लपवणे किती धोक्याचे असते, हे वाचकांना सांगायला नको. मी वडिलांना म्हटले, आठ दिवस थांबा. उसात सोडलेले गिनीपिग रात्र काढणार नाहीत, कुत्री नाही तर मुंगूस त्यांना संपवील. आधी मला ते खोके पाहू द्या.

घर वाटेवरच होते. संध्याकाळी गेलो. कॉटखाली फळांचे लाकडी खोके, त्यात चार बोटे जाड भुसा. हा भुसा वखारीतून फुकट आणलेला, पिठासारखा बारीक. वरून कोरडा, पण हात घातला तर खाली ओलाचिंब. वास मारू नये म्हणून आईने खोक्याच्या चारी कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून खोक्यात नाक घातले आणि डोळ्यांतून पाणी आले. खोलीत उभ्या माणसाला फक्त गोळ्यांचा वास येत होता. गिनीपिगचे नाक मात्र भुशापासून दोन बोटांवर असते, आणि मुलाची उशी त्याच्या वर दीड हातावर होती.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली धूळ. करवतीचा बारीक भुसा जनावर फिरले की उडतो, आणि त्याचे सूक्ष्म कण श्वासनळीत खोलवर जातात. दुसरी अमोनिया. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. ओल्या भुशातले जंतू मूत्रातला युरिया फोडतात, त्यातून अमोनिया वायू सुटतो आणि नाक-घसा चुरचुरतो. जनावरांनाही याने सर्दी आणि न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते. तिसरी जनावराच्या मूत्रातली, लाळेतली आणि कोंड्यातली प्रथिने. ती धुळीला चिकटून उडतात आणि अ‍ॅलर्जी असलेल्याला त्रास देतात. प्रयोगशाळेत उंदीर-गिनीपिग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना असा दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले माहीत आहे.

डांबराच्या गोळ्या तर ताबडतोब काढायला लावल्या. त्यातले नॅप्थलीन उडून हवेत मिसळते. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. अशा मुलांच्या रक्तपेशी नॅप्थलीनने फुटतात, कावीळ होते. आणि गोळी कुरतडली तर गिनीपिगही मरेल. फिनेल, अत्तर, उदबत्ती यांनी वास झाकणेही तसेच चुकीचे. वास ही सूचना आहे, ती दाबून काय उपयोग?

मग खाली घालायचे काय? आमच्या मेडिकल कॉलेजमध्ये औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी गिनीपिग ठेवलेले असत. त्यांच्या आतड्याच्या तुकड्यावर आम्ही हिस्टामिनचे प्रयोग करायचो. आतड्याचे आलेख मी विसरलो, पण प्राणीगृहातले शिपाईमामा आठवतात. ते भुशाचे पोते आले की अंगणात चाळणीने चाळत, बारीक भाग फेकून देत, उरलेला दिवसभर उन्हात टाकत आणि मगच पिंजऱ्यात घालत. तेव्हा आम्हाला तो रिकामपणचा उद्योग वाटे.

भुसा आणि रंध्याच्या सालपटी यांत फरक आहे. सुतार रंधा मारतो तेव्हा निघणाऱ्या गुंडाळलेल्या पातळ सालपटी चाळून घेतल्या तर धूळ कमी असते. पण लाकूड कोणते ते विचारा. पाइन, सीडर अशा वासाच्या लाकडातली तेले हवेत उडत राहतात. 1967 साली अमेरिकेतील व्हेसेल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की अशा लाकडाच्या सालपटींवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषधे पचवणारी एन्झाइम्स वाढतात आणि झोपेच्या औषधाचा अंमल त्यांच्यावर कमी वेळ टिकतो. नुसत्या अंथरुणाने यकृताचे काम बदलते! एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड बहुधा पाइनचेच असते, तेव्हा ते नको. सागाच्या आणि शिसवाच्या भुशाने कित्येक सुतारांच्या कातडीला खाज व पुरळ येते, म्हणून तेही नको. प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. आणि वाळवीचे औषध मारलेले लाकूड कोणते, हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. एवढी चौकशी करण्यापेक्षा माझे मत विचाराल तर घरात वखारीचा माल आणूच नये.

आपल्या भागात भाताचे तूस आणि उसाचे चिपाड मुबलक. तूस टोकदार असते. डोळ्यात गेले तर बुबुळाला जखम होते. गिनीपिगचे डोळे मोठे आणि जमिनीलगत, त्यामुळे हे हमखास घडते. चिपाडाबद्दल जरा जास्त सांगतो. ओलसर साठवलेल्या चिपाडावर एक बुरशीसारखे जंतू वाढतात. त्यांचे बीज श्वासात गेले की फुफ्फुसाला सूज येते. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात आणि चिपाड हाताळणाऱ्या कामगारांना तो होतो. कुबट वैरणीतूनही शेतकऱ्यांना अगदी असाच आजार होतो. गवत स्वतः वाईट नाही, उलट गिनीपिगला ते खायला रोज हवेच. पण मुठीत घेऊन झटकल्यावर पांढरी धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ते गवत टाकून द्यावे.

कापूस मऊ म्हणून बरेच जण घालतात, विशेषतः हॅमस्टरला. त्याचे तंतू पायाला गुंडाळून रक्त अडते, गिळले तर आतडे अडते. जुन्या साडीच्या सुटलेल्या धाग्यांचेही तेच.

उरला कागद. सांगायला संकोच वाटतो, पण जे वर्तमानपत्र आपण वाचत आहात ते दुसऱ्या दिवशी या कामाला चांगले आहे. साध्या कागदाच्या सहा-सात घड्या तळाशी घालाव्यात आणि वर फाडलेल्या पट्ट्या टाकाव्यात. धूळ नाही, खर्च नाही. गुळगुळीत रंगीत पुरवणी मात्र नको, ती पाणी शोषत नाही. कागद लवकर भिजतो, म्हणून तो रोज बदलावा लागतो. ही कटकट आहे खरी. पण त्यामुळे खाली ओल साठत नाही. कागदावर जाड, मऊ, सुती नसलेल्या लोकरी ब्लँकेटचा तुकडा घातला तरी चालतो. तो दोन-तीन दिवसांनी झटकून, सुगंधी द्रव न घालता धुवावा. काही जण स्वच्छतेसाठी तळाला जाळी लावतात. तिच्यावर सतत उभे राहून गिनीपिगच्या तळव्यांना फोड येतात.

पिंजरा साफ करायचा तो घराबाहेर, मोठ्या माणसाने, नाकाला रुमाल बांधून. आधी थोडे पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ उडत नाही. गरोदर बाईने हे काम करू नये. हॅमस्टर-उंदरांच्या मूत्रातून येणारा एक विषाणू गर्भाला अपाय करतो. दम्याच्या मुलाने तर साफसफाईच्या वेळी जवळही थांबू नये. गवत घालणे, पाणी भरणे त्याला द्यावे.

त्या घरी खोके कॉटखालून निघून मागच्या सोप्यात गेले, जाळीच्या दारामागे आणि सावलीत, कारण गिनीपिगला ऊन सोसत नाही. भुसा गेला, कागद आला. त्याच दिवशी मी मुलाला इन्हेलरही सुरू केला. पंपाची सवय लागते हा गैरसमज काढायला अर्धा तास गेला. तीन आठवड्यांत रात्रीचा खोकला थांबला. यात कागदाचा वाटा किती, खोके हलवल्याचा किती आणि पंपाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

सगळ्यांचे असे जमत नाही. दुसऱ्या एका घरी ससा उचलला की मुलीचे डोळे सुजायचे. तिथे कागद घातला, ससा अंगणात ठेवला, तरी फरक पडला नाही. ती सशाचीच अ‍ॅलर्जी होती. ससा आता तिच्या आत्याकडे आहे आणि मुलगी आमच्यावर नाराज आहे.

गिनीपिगवाला मुलगा परवा तपासणीला आला होता. छाती मोकळी होती. मी विचारले, "आता खोकला आला तर काय करायचं?" तो म्हणाला, "आईला उठवायचं." मग थोडे थांबून त्याने विचारले, "डॉक्टरकाका, बाबांनी तुम्हाला काही सांगितलं का? पिल्लं झालीत. तीन." सकाळ-संध्याकाळचे पंपाचे फवारे सध्या चालूच ठेवले आहेत.