पाड लागण्याची वाट

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी चार दिवसांची रजा काढून रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी गेलो. परसात हापूसची तीन कलमे आहेत. एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि आंबे चांगले मोठे दिसत होते. दोन गडी बोलावून एका दिवसात तिन्ही कलमे उतरवली आणि पेट्या भरून पुण्याला आणल्या. बारा दिवसांनी पेंढा उचलला तेव्हा निम्म्याहून अधिक आंबे सुरकुतलेले होते. साल पिवळट, आत गर फिका, चव आंबट-तुरट. वडिलांनी हाताने वाढवलेल्या झाडांचे वर्षाचे पीक मी माझ्या रजेत बसवायला गेलो होतो.

शेजारच्या काकींना फोनवर सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, मोठा झाला म्हणजे जून झाला असं नाही. पाड तरी लागू द्यायचास.”

त्या एका वाक्यात दोन शब्द होते, जून आणि पाड. दोन्ही मला लहानपणापासून ठाऊक होते, पण त्यांचा नेमका अर्थ मी कधी विचारला नव्हता. फळ कधी काढावे याचे बरेचसे शास्त्र या दोन शब्दांत सामावले आहे, हे नंतरच्या वाचनातून आणि विचारपुशीतून कळत गेले.

जून आणि पिकलेले

फळाचे जून होणे वेगळे आणि पिकणे वेगळे. जून होणे झाडावरच घडते. आंब्याच्या बाबतीत मोहोरातून फळ धरल्यापासून साधारण साडेतीन-चार महिने झाड त्याला अन्न पुरवते आणि फळ ते पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रूपात साठवते. देठ तुटला की पुरवठा थांबतो. पुढे अढीत घडते ते पिकणे, म्हणजे साठलेल्या पिष्टाची साखर होणे. साठाच अपुरा असेल तर अढी कितीही उबदार असो, गोडी यायची कुठून? माझ्या पेट्यांत नेमके हेच झाले होते.

पिकण्याची ही क्रिया चालवतो तो इथिलीन वायू. पिकणारे फळ तो स्वतः सोडते, हे १९३४ साली रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञाने सफरचंदांवर काम करून दाखवले. एका नासक्या आंब्याने सगळी अढी नासते, ही आपली म्हण इथिलीनचे नाव न घेता काहीशी तीच गोष्ट सांगते. नासका आंबा शेजाऱ्यांना बुरशी देतो, तसाच हा वायूही देतो.

मात्र सगळीच फळे अढीत घालण्याजोगी नसतात. आंबा, केळे, पपई, चिकू, फणस, सीताफळ ही काढल्यावर पिकतात. अननस, मोसंबी, काजूचे बोंड यांची गोडी झाडावर आली तेवढीच. अननसाच्या फळात पिष्टाचा साठा नसतोच. तो घरात ठेवून पिवळा होईल, मऊ होईल, गोड होणार नाही. म्हणून परसातल्या प्रत्येक फळाबाबत पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की हे काढल्यावर पिकणारे आहे की नाही?

फळ काय सांगते

जून आंब्याचे खांदे देठाच्या वर चढतात आणि देठापाशी खळगा पडतो. सालीचा गडद हिरवा रंग निवळतो. शंका असेल तर आंबा पाण्यात सोडून पाहावा, कोवळा तरंगतो आणि जून बुडतो. साठा भरला की आंबा पाण्याहून जड होतो. तयार हापूसचे विशिष्ट गुरुत्व १.०१ ते १.०२ भरते. मी ही परीक्षा एका बादलीत केली असती तर पेट्या वाचल्या असत्या.

फणसाला वाजवून पाहतात. कुयरी टणटण वाजते, तयार फणसाचा आवाज बसका आणि पोकळ येतो. काटे रुंदावतात, त्यांची टोके बोथट होतात. चिकू सर्वांत फसवा, कारण तो आधीही तपकिरी आणि नंतरही तपकिरी. त्याच्या अंगावरचा भुसा झडू लागला की नखाने हलकेच खरवडावे. खाली हिरवे दिसले तर थांबावे, पिवळसर दिसले तर काढावा. केळ्याच्या धारा बुजून ते गोलसर झाले की घड उतरवावा. पपईवर पिवळी रेघ उमटली की पुरे. सीताफळाचे डोळे उघडतात, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून पिवळसर-पांढऱ्या दिसू लागतात. ही परीक्षा वाचकांना या दिवाळीत बाजारातच करता येईल.

चौदा आणे

मग आंबा झाडावरच पूर्ण पिकू द्यावा, असे कुणाला वाटेल. हापूसला ते मानवत नाही. झाडावर जास्त राहिलेल्या हापूसमध्ये साक्याचे प्रमाण वाढते. बाहेरून देखणा आंबा कापल्यावर आत पांढरट, चिवट, आंबूस गर निघतो तो साका. फळमाशीही पिकत्या फळावरच येते. म्हणून कोकणात आंबा चौदा आण्यांचा काढतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण पिकलेला, त्याच्या दोन आणे अलीकडे थांबायचे. नाणे चलनातून गेले, माप राहिले.

ती वेळ ओळखण्याची खूण म्हणजे पाड. झाडावरचा एखादा आंबा आपोआप पिकून खाली पडतो, तेव्हा बाकीचे जून झाले असे समजायचे. तरीही एका दिवसात झाड ओरबाडायचे नाही. मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून आंबेही दोन-तीन वेळा निवडून, झेल्याने आणि देठ राखून काढायचे. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात.

बाजाराला एवढी वाट परवडत नाही. हंगामाच्या पहिल्या पेटीला चढा भाव असतो, म्हणून कोवळा आंबा उतरतो आणि त्याला रंग आणायला काही ठिकाणी कार्बाईड वापरले जाते. कायद्याने त्यावर बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वापरायला २०१६ पासून परवानगी आहे, पण इथिलीनही कोवळ्या आंब्यात नसलेला साठा निर्माण करू शकत नाही. घाई बाजाराची असो वा माझ्यासारख्याच्या रजेची, फळाला फरक पडत नाही.

आता मी रजा आधी ठरवत नाही. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळी काकींचा फोन आला. “मधल्या कलमाखाली पाड पडलाय. ये.” मी रात्रीची गाडी पकडली. तीन खेपांपैकी ती पहिली होती.