बक्षिसी कोणाच्या खिशात जाते?

मोबाइलच्या ॲपवरून जेवण मागविले की पैसे भरतानाच बक्षिसी देणार का, अशी विचारणा होते. द्यावी की नाही हा गिऱ्हाइकाच्या खुशीचा मामला; पण दिलेला पैसा कोणाच्या कामी येतो, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील डोअरडॅश कंपनीचा हिशेब पाहा. 2017 ते 2019 या काळात कंपनी डिलिव्हरीवाल्याला प्रत्येक फेरीमागे ठराविक रकमेची हमी देत असे. समजा, हमी 7 डॉलरची. गिऱ्हाइकाने काही दिले नाही तर कंपनी 7 डॉलर देई. ॲपमधून 3 डॉलर बक्षिसी आली तर कंपनी फक्त 4 देई. डिलिव्हरीवाल्याच्या हाती दोन्ही वेळा 7 च! गिऱ्हाइकाला वाटे आपण गरिबाला दिले. वाचले ते कंपनीचे. बोभाटा झाल्यावर 2019 मध्ये ही पद्धत बदलली. 2025 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कारवाईत कंपनीने कामगारांसाठी 1 कोटी 67 लाख 50 हजार डॉलर देण्याचे कबूल केले.

दुकानदारांना हे समजावून सांगायला नको. गिऱ्हाइकाने कारागिराला दिलेले दहा रुपये शेठने मजुरीतून कापले, तर बाजारात त्याला काय म्हणतील?

मजुरी कंपनीने द्यावी. बक्षिसी तिच्या वर असावी. मुसळधार पाऊस, अवेळ, लिफ्ट नसलेला चौथा मजला असेल तर जरूर द्यावी, आणि शक्यतो रोख, दारातच. डोअरडॅशच्या त्या हिशेबातही रोख दिलेली बक्षिसी धरली जात नव्हती.