मधमाश्यांची तटबंदी

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ल्यांचे तट उभे राहतात. परंतु मधमाश्यांच्या रक्षणासाठी सामान्य शेतकऱ्यांनी उभारलेले तटही इतिहासाचे तितकेच मोलाचे साधन आहेत, असे आम्ही मानतो. स्पेनच्या उत्तरेकडील आस्तुरियास प्रांतात, गावांपासून दूर डोंगरउतारांवर, अशी शेकडो दगडी कुंपणे आढळतात. त्यांना तेथे ‘कोर्तीन’ म्हणतात.

चेस्टनट आणि हीदर यांचा फुलोरा रानात, म्हणून पोळीही रानातच ठेवावी लागत. त्याच रानात तपकिरी अस्वलांचा वावर. अस्वल मधाबरोबर पोळ्यातील अळ्याही फस्त करते. त्यामुळे वर्षभराचे उत्पन्न एका रात्रीत नष्ट होई.

यावर शेतकऱ्यांनी काढलेला उपाय साधा होता. आपल्या कोकणातील गडग्याप्रमाणे चुन्याशिवाय दगड रचून, पुरुषभर उंचीहूनही अधिक उंच अशी गोलाकार भिंत उभारायची. गोलाकार भिंतीला कोपरा नसतो, म्हणून चढणाऱ्यास आधार मिळत नाही. माथ्यावर सपाट फरशा बाहेरच्या बाजूस झुकत्या बसवायच्या. वर आलेले अस्वल तेथे अडते. दार अरुंद ठेवायचे. जागा उन्हाच्या उतारावरची निवडून आत पायऱ्या-पायऱ्यांचे ओटे करायचे आणि त्यांवर पोकळ ओंडक्यांची पोळी मांडायची. त्यामुळे भिंत उंच असूनही पोळ्यांना ऊन मिळते आणि माश्या वरून मोकळेपणाने ये-जा करतात.

हे बांधणाऱ्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. मात्र १७४९ मध्ये कास्तीलच्या राज्यात एन्सेनादाच्या मार्क्विसने सुरू केलेल्या करविषयक पाहणीत ४० प्रश्न होते. त्यांतील १९ वा प्रश्न पोळी किती व कोणाची, हा होता. राजसत्तेने श्रमिकाची दखल घेतली ती करापुरतीच!

पुढे शिकारीमुळे अस्वलेच नामशेष होण्याच्या मार्गावर आली. १९७३ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि आज कांताब्रियन पर्वतात त्यांची संख्या ३०० हून अधिक आहे. साहजिकच कुंपणाची गरजही परतली. आता अनेक मधपाळ सौरऊर्जेवरील विजेची तार लावतात. तिचा झटका क्षणिक असतो. अस्वल दचकून मागे फिरते, मरत नाही.

आपल्या मेळघाटात व गडचिरोलीतही अस्वले आहेत आणि मधपेट्या ठेवणारे हातही आहेत. मधपेटीच्या तिवईचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवून मुंग्यांना अडवणे आपल्याकडे परिचित आहे. तत्त्व तेच: वाट अडवावी, जीव घेऊ नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांचा एकत्र विचार केला आहे. निव्वळ करुणेने पोळे वाचले नसते. निव्वळ चातुर्याने अस्वल वाचले नसते.

आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर शिवारातील जुने बांध, गडगे, कुंपणे नीट पाहावीत, मोजावीत आणि ती कोणी, कशासाठी रचली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. ज्यांची नावे कोरली गेली नाहीत, त्यांचा इतिहास असाच गोळा करावा लागतो.